इंग्लंडला मुलांकडे गेलात तर एक सोमवार टीव्हीला द्या

नोव्हेंबरात मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला गेलेल्या आमच्या वयाच्या मंडळींची अडचण ठरलेली. चार-साडेचारला अंधार पडतो, थंडीत बाहेर जाववत नाही, आणि मग टॅबवर आपल्याच मालिका सुरू होतात. त्या तर घरीही आहेतच. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आठवड्यातली एक तरी संध्याकाळ तिथल्या टीव्हीसमोर सलग बसा, आणि वार सोमवार निवडा. बातम्या, मालिका, प्रश्नमंजूषा असं सगळं त्या दिवशी ओळीनं येतं. लेस्टरला लेकीकडे आम्ही दोघं अशीच संध्याकाळ लावतो.

आधी घरात टीव्ही लायसन्स आहे ना, ते विचारून घ्या. कुठलंही चॅनल थेट बघायचं असेल, किंवा बीबीसीचं आयप्लेयर (कार्यक्रम हवे तेव्हा बघायचं अ‍ॅप) कधीही उघडायचं असेल, तर लायसन्स लागतंच, मग पडदा टीव्हीचा असो की मोबाइलचा. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वर्षाची फी १७४.५० पौंड झाली. लायसन्स घराचं असतं, माणशी नसतं, त्यामुळे पाहुण्यांनी वेगळं काढायला नको. पण नुसतं नेटफ्लिक्स बघणाऱ्या घरात ते नसू शकतं, म्हणून विचारायचं. बीबीसीच्या चॅनलांवर तिथे जाहिराती नसतात, ते याच पैशांमुळे.

मग रिमोटवर सबटायटलचं बटण शोधा आणि संध्याकाळभर ते चालू ठेवा. आधी तयार केलेल्या कार्यक्रमात अक्षरं बोलण्याबरोबर उमटतात आणि बोलणारा बदलला की रंग बदलतो: पांढरा, पिवळा, निळसर, हिरवा. कोण बोललं हे रंगावरून कळतं. थेट बातम्यांत मात्र अक्षरं काही सेकंद मागे पडतात. तिकडे बऱ्याचदा एक माणूस हेडफोनवर ऐकलेलं वाक्य स्वच्छ उच्चारात संगणकाला पुन्हा सांगत असतो आणि संगणक ते टाइप करतो. म्हणून बातम्या ऐका, मालिका वाचा.

सहाला बीबीसी वनवर देशाच्या बातम्या. साडेसहाच्या प्रादेशिक बातम्या सोडू नका. आमच्याकडे ईस्ट मिडलँड्स टुडे लागतं: डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर. कुठे पूर आला, कुठली शाळा, कुठलं इस्पितळ. मुलं ज्या गावात संसार करताहेत ते गाव कळायला याहून चांगला अर्धा तास नाही. सातला द वन शो हा गप्पांचा कार्यक्रम असतो. तेव्हा जेवून घ्या. रोजच्यासारखं साडेआठला जेवायचं म्हटलंत तर सगळी मजा जाईल.

साडेसातला ईस्टएंडर्स. १९ फेब्रुवारी १९८५ला सुरू झालेली ही मालिका आहे, मागचं सगळं समजून घ्यायच्या फंदात पडू नका. एकच घर धरा. आम्ही त्यातलं पंजाबी पनेसर कुटुंब धरलं, कारण सासू, मुलं, दुकान, इभ्रत हा मामला आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. ऐन भांडणात ढोलाचे ठोके पडले की भाग संपला.

आता चहा. माझी नोकरी वीज मंडळात लोड डिस्पॅचला, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवण्याच्या कामात झाली, त्यामुळे ही पाच मिनिटं मला फार प्रिय आहेत. लोकप्रिय कार्यक्रम संपला की देशभर एकदम विजेच्या किटल्या चालू होतात आणि विजेची मागणी उसळते. ४ जुलै १९९०ला फुटबॉल विश्वचषकातला इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना संपल्यावर ती तब्बल २८०० मेगावॅटनं चढली होती. असा भार उचलायला वेल्समध्ये डिनॉर्विगचं जलविद्युत केंद्र आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. आपल्या घाटघरच्या वीजकेंद्रात हेच होतं, पण डिनॉर्विग कितीतरी मोठं आहे, १७२८ मेगावॅटचं. किटली लावताना नातवंडांना हे जरूर सांगा.

आठला बीबीसी टूवर ओन्ली कनेक्ट ही गोष्टींमधला दुवा ओळखायची प्रश्नमंजूषा. अवघड आहे, पण सोळा शब्दांचे चार-चारचे गट पाडायची फेरी कुणालाही जमते. आणि साडेआठला संध्याकाळचा राजा, युनिव्हर्सिटी चॅलेंज! १९६२ पासूनचा कार्यक्रम. आता सूत्रधार अमोल राजन आहेत, जन्म कोलकात्याचा. चार-चार विद्यार्थ्यांचे दोन संघ असतात. पहिला प्रश्न दहा गुणांचा, तो एकट्यानं बझर दाबून सोडवायचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत दाबून चुकलात तर पाच गुण गेले. बरोबर आलं की पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न, त्यांवर संघानं कुजबुजून ठरवायचं. घरीही नेमके हेच नियम लावा. कागद-पेन्सिल घ्या, दोन संघ करा, दहाच्या प्रश्नाला कुणी कुणाला सांगायचं नाही. आमच्यात भौतिकशास्त्र माझ्याकडे, इतिहास हिच्याकडे. वीस-बावीस वर्षांची ती पोरं समीकरणापासून संगीतापर्यंत सगळ्यावर जीव तोडून विचार करतात, हे बघताना उर भरून येतो. विद्वत्तेला असं मानाचं पान वाढणारा टीव्ही प्रत्येक देशात असावा, असं मला मनापासून वाटतं.

नऊला नातवंडांना झोपायला पाठवा. तिथे नऊनंतर पहाटे साडेपाचपर्यंत मोठ्यांचा मजकूर दाखवायची मुभा आहे. त्याआधी तसं दाखवत नाहीत. मग रिमोटवरचं गाइडचं (कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचं) बटण दाबून बीबीसी टू आणि चॅनल फोर दोन्ही बघा आणि माहितीपट असेल तो घ्या. दहाला पुन्हा बीबीसी वनच्या बातम्या आहेतच, जागं राहवलं तर.

उन्हाळ्यात गेलात तर प्रश्नमंजूषांना काही आठवडे सुट्टी असू शकते. तेव्हा शुक्रवार धरा: बीबीसी टूवर गार्डनर्स वर्ल्ड, १९६८ पासून सुरू असलेला बागकामाचा कार्यक्रम. वेळ मागेपुढे होते, दुपारीच गाइडमध्ये बघून ठेवा.