आरोग्यमंत्र्यांचं उत्तर वाचायचं कसं आणि त्यांना प्रश्न घालायचा कसा

अधिवेशन सुरू झालं की मोबाईलवर क्लिपा यायला लागतात. आरोग्यमंत्री उभे आहेत, समोरून कुणीतरी आमदार तावातावाने विचारतोय, मंत्री म्हणतात "शासनाने गंभीर दखल घेतलेली आहे", आणि खाली निम्मी पब्लिक म्हणते साहेबांनी गप्प केलं, निम्मी म्हणते साहेब पळाले. त्या क्लिपमधून काही हाती लागत नाही. उत्तर नीट बघायचं असेल तर विधिमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित प्रश्नांची (म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यायचं असतं त्यांची) यादी येते, ती उघडा, आणि उत्तराच्या आधी प्रश्न वाचा, कारण आरोग्यमंत्री (कुठल्याही पक्षाचे असोत, टोपे असोत, सावंत असोत, आत्ताचे आबिटकर असोत) विचारलंय तेवढंच सांगतात, एक अक्षर जास्त नाही. आणि ते लेखी उत्तर मंत्री स्वतः बसून लिहीत नाहीत हेही लक्षात ठेवा, ते खालून वर येतं, जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडून माहिती मागवतात, मग उपसंचालक, संचालनालय, मग मंत्रालयातला कक्ष अधिकारी, आणि या प्रत्येक टेबलावर एकच काळजी असते की आपण अडकायला नको.

छापील प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. "सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" असं वर, आणि खाली (१) अमुक ठिकाणी तमुक झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आता समजा एखाद्या आमदाराने विचारलं की अमुक ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी मशीन नसल्याने गरोदर बायकांची गैरसोय होते हे माहे मार्चमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. मशीन आहे, फक्त ते चालवायला डॉक्टर नाही म्हणून कव्हर घालून ठेवलंय. उत्तर येणार: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." संपला विषय. कुणी खोटं बोललं नाही, मशीन आहेच की! चुकलं ते एवढंच की विचारणाऱ्याने "नसल्याने" लिहिलं, "बंद असल्याने" लिहिलं नाही.

म्हणून "हे खरे नाही" दिसलं की लगेच सरकार खोटारडं म्हणू नका, पहिल्या कलमातला कुठला तपशील कच्चा होता ते शोधा, तारीख, गावाचं नाव, आकडा, "नाही" की "अपुरं". आणि "हे अंशतः खरे आहे" दिसलं तर आनंद माना, सगळ्यात जास्त माल त्याच उत्तरात असतो, कारण कुठला अंश खरा ते मग पुढे सांगावंच लागतं.

दुसरं म्हणजे दवाखाना कुणाचा ते बघा. लोकांना वाटतं सरकारी म्हणजे आरोग्यमंत्र्यांचाच. तसं नाहीये. उपकेंद्रं, प्राथमिक आरोग्य केंद्रं (पीएचसी), ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागात येतात, त्यातही पीएचसी चालवते जिल्हा परिषद, म्हणजे डॉक्टर राज्याचा आणि बाकी बराच स्टाफ झेडपीचा. ससून, जेजे, घाटी, नागपूरचं मेडिकल हे सगळं वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्याचे मंत्री वेगळे. केईएम, नायर, सायन मुंबई महापालिकेचे. अंगणवाडी आणि पोषण आहार महिला व बालविकासकडे.

हे किती महत्त्वाचं आहे ते तीन घटनांवरून बघा. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली, ते जिल्हा रुग्णालय, म्हणजे थेट आरोग्यमंत्री. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याला २४ तासांत १८ रुग्ण गेले, ते ठाणे महापालिकेचं हॉस्पिटल. त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता नांदेडला २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात, ते मेडिकल कॉलेज, म्हणजे वैद्यकीय शिक्षणमंत्री. बातम्यांमध्ये तिन्ही "सरकारी रुग्णालय", सभागृहात तीन वेगळी दारं. चुकीच्या दाराशी गेलात तर प्रश्न दुसऱ्या विभागाकडे वर्ग होतो आणि अधिवेशन तेवढ्यात संपतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले ना, ते पण फक्त सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, मेडिकल कॉलेजं त्यात नव्हती. तेव्हा मंत्री "आमच्या सर्व रुग्णालयांत" म्हणाले की "आमच्या" वर बोट ठेवायचं.

आता आकडे. इथे जरा थांबा कारण खरी मजा इथेच आहे. डॉक्टरांच्या पदांबद्दल उत्तरात तीन रकाने येतात, मंजूर, भरलेली, रिक्त. चौथा रकाना, म्हणजे आज सकाळी ओपीडीत खुर्चीवर कोण बसलंय, तो कधीच नसतो. भरलेलं पद म्हणजे हजर माणूस नव्हे, कारण तो डॉक्टर प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकतो, पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला असू शकतो, दीर्घ रजेवर असू शकतो, पगार मात्र तुमच्या पीएचसीच्या नावाने निघतो आणि पद भरलेलंच दिसतं. उलट काही ठिकाणी पद रिक्त असतं पण बंधपत्रित (शिक्षणानंतर काही काळ सरकारी सेवेचं बंधन असलेला) किंवा कंत्राटी पोरगा डॉक्टर इमानेइतबारे बसलेला असतो, हे पण सांगायला पाहिजे. दुसरी गंमत सरासरीची. "जिल्ह्यात ८० टक्के पदे भरलेली आहेत" असं वाक्य आलं तर ते जिल्ह्याचं झालं, अमरावती शहराचं आणि मेळघाटातल्या धारणीचं मिळून एक. शहरालगतच्या केंद्रात सगळे हजर आणि डोंगरात कुणी नाही, तरी सरासरी छान येते. १०८ च्या रुग्णवाहिकांचं तसंच, सरासरी वेळ राज्याची सांगतात, तुम्हाला पाहिजे असते तुमच्या तालुक्याची, तीही रात्रीची.

औषधांबद्दल "तुटवडा नाही" हे वाक्य तर पाठच आहे. तुटवडा नाही कुठे, जिल्ह्याच्या भांडारात की पीएचसीच्या कपाटात? खरेदीची व्यवस्था पण बदलत आली, २०१७ ला हाफकिन या राज्य सरकारच्या कंपनीकडे दिली, मग २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं, त्यामुळे दोनतीन वर्षं "नवीन यंत्रणा कार्यान्वित होत आहे" हे उत्तर चालून जातं. विचारायचं असेल तर एकच औषध धरा, सर्पदंशावरचं इंजेक्शन किंवा कुत्रा चावल्यावरची लस, आणि मागच्या वर्षभरात या केंद्रात साठा शून्य होता असे दिवस किती ते विचारा. ई-औषधी नावाची ऑनलाइन सिस्टीम आहे, साठ्याची नोंद तिथे असते, "माहिती संकलित करण्यात येत आहे" म्हणायला जागा उरत नाही.

इमारतींबद्दल एवढंच, "मंजूर" हा शब्द जिन्याची पहिली पायरी आहे. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, जागा, बांधकाम, पदनिर्मिती, भरती, यंत्रसामग्री. उत्तरात शेवटची झालेली पायरी कुठली तेवढं शोधा आणि बाकीचं सोडून द्या. इमारत तयार आणि पदनिर्मिती नाही म्हणून कुलूप, असं पुष्कळ ठिकाणी बघायला मिळतं. भंडाऱ्यानंतर फायर ऑडिटचेही प्रश्न आले, तिथेही तेच, ऑडिट झालं का विचारलं तर "होय", ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटी दूर केल्या का हे वेगळं विचारावं लागतं.

मृत्यूंबद्दलची उत्तरं मला सगळ्यात जड जातात वाचायला. मेळघाटातले बालमृत्यू विचारले की वर्षानुवर्षं एकाच धाटणीचं उत्तर, मृत्यू कुपोषणाने नव्हे तर कमी वजन, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग अशा कारणांनी. कागदावर ते बरोबरच असतं, मृत्यूच्या दाखल्यावर कुणी कुपोषण लिहीत नाही. पण ते मूल न्यूमोनियाशी झुंजू का शकलं नाही हा प्रश्न दाखल्यात नसतो म्हणून उत्तरातही नसतो.

दिल्लीत तर याचा कळस झाला. २० जुलै २०२१, राज्यसभा, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी किती गेले असा प्रश्न. लेखी उत्तर तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं, ज्या आपल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. उत्तराचा सार असा की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची माहिती राज्यं कळवतात, आणि ऑक्सिजनअभावी असा मृत्यू कुठल्याही राज्याने खास करून कळवलेला नाही. तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, त्यांच्याच नाशिक जिल्ह्यात महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले होते. लोक खवळले, पण उत्तर परत वाचा, "मृत्यू झाले नाहीत" असं त्यात नाहीच, "कळवले नाहीत" असं आहे. क्रियापद कोणतं वापरलंय ते बघत जा, अर्धं उत्तर क्रियापदात असतं. आणि केंद्राच्या बाबतीत पहिलंच वाक्य "आरोग्य हा राज्याचा विषय" असलं की समजायचं, इथे काही मिळणार नाही, पैसे केंद्राने किती दिले आणि राज्याने खर्च किती केले एवढंच विचारून निघायचं.

तोंडी उत्तरांची भाषा वेगळी. "शासन सकारात्मक आहे" म्हणजे काही ठरलेलं नाही. "तपासून घेऊ" म्हणजे माझ्याकडे आत्ता माहिती नाही. "माझ्या दालनात बैठक लावू" हे मात्र हलकं समजू नका, बैठक लागली तर इतिवृत्त निघतं आणि त्यावर तारखा असतात. आणि सभागृहात "संबंधित अधिकाऱ्याला निलंबित करतो" म्हटलं की बाकं वाजतात, क्लिप व्हायरल होते, पण निलंबन ही शिक्षा नसते, चौकशीपुरतं बाजूला ठेवणं असतं, निर्वाहभत्ता चालू राहतो, मग विभागीय चौकशी रेंगाळते आणि माणूस पुन्हा रुजू होतो. पुढच्या अधिवेशनात चौकशीचं काय झालं हे विचारणारा आमदार लाखात एक.

तुम्हाला स्वतःचा प्रश्न पुढे सरकवायचा असेल तर आमदाराच्या पीएला गाठा, अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात नाही, बरंच आधी, कारण प्रश्नांच्या सूचना खूप आधी जातात. विधानसभेतला आमदार ऐकत नसेल तर विधान परिषदेतले आहेत, शिक्षक-पदवीधर मतदारसंघांतले पुष्कळदा जास्त नीट वाचतात. पहिलं कलम असं लिहा की "हे खरे नाही" म्हणताच येऊ नये, म्हणजे विशेषणं शून्य, "दयनीय अवस्था" वगैरे काढून टाका, कारण दयनीय आहे की नाही यावर ते नाही म्हणून मोकळे होतील. त्याआधी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून हजेरीपटाची प्रत काढा, ३० दिवसांत द्यायची असते, मग प्रश्नातच लिहा की अमुक महिन्यात अमुक केंद्रात वैद्यकीय अधिकारी इतके दिवस गैरहजर होते हे खरे आहे काय. स्वतःच्या खात्याच्या शिक्क्याचा कागद नाकारायला टेबलावरचा माणूस कचरतो. उत्तर आलं आणि त्यात "करण्यात येईल" असं काही असलं तर ते कापून ठेवा, सभागृहातल्या आश्वासनांसाठी आश्वासन समिती असते, तिच्याकडे आमदारामार्फत जाता येतं.

आणि पीएला पाठवताना एक पान, मराठीत टाईप केलेलं, चार कलमं, खाली हजेरीपटाची झेरॉक्स. व्हॉइस नोट पाठवू नका, ती कुणी ऐकत नाही.