‘उशिरा आणलं’ लिहिण्याआधी

एमडीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची, म्हणजे बॉन्डची, ऑर्डर हातात पडली की आपण सगळे एकच करतो, सीनियरला फोन लावतो. क्वार्टर कसं आहे, सीपॅप (बाळाला श्वास घ्यायला मदत करणारं यंत्र) चालू आहे का, शनिवारी नागपूरला निघता येतं का? मीही तेवढंच विचारलं होतं. बालमृत्यू अन्वेषणाबद्दल, म्हणजे मूल का गेलं हे शोधणाऱ्या सरकारी तपासाबद्दल, मी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही. एमडीची तीन वर्षं डेथ मीटिंगला बसले होते, पण तिथे बोलणं व्हायचं ते अँटिबायोटिक कोणतं आणि इनोट्रोप (रक्तदाब टिकवणारं औषध) कधी सुरू केलं यावर. मूल आमच्या दारात येण्याआधीच्या तासांवर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

ग्रामीण विदर्भातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) रुजू झालात की पहिल्याच महिन्यात या अन्वेषणाचा फॉर्म तुमच्या टेबलावर येईल. ० ते ५९ महिन्यांच्या मुलाचा मृत्यू, २४ तासांत कळवणं, सिस्टरचा प्राथमिक तपास, घरी जाऊन व्हर्बल ऑटोप्सी (घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण शोधणं), मग तालुका आणि जिल्ह्याची बैठक. हे सगळं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि एका संध्याकाळी वाचून होतं. तीन विलंबही तुम्ही पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) पाठ केलेत: घरी निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर, दवाखान्यात उपचार सुरू व्हायला उशीर. माझा पाय घसरला तो याच रकान्यात.

एका पोडावरचं, म्हणजे आदिवासी वस्तीवरचं, बाळ होतं. सहा दिवसांचं, १ किलो ९०० ग्रॅम, थंडगार, दूध सोडलेलं. सकाळी अकरा-सव्वाअकराला आलं आणि रात्री गेलं. फॉर्मवर मी लिहिलं, ‘पालकांनी उशिरा आणले. विलंब १.’ लिहिताना पेन अडखळलं नाही. एका सीनियरने सांगितलंच होतं, ‘इथे सगळे उशिराच आणतात, लिही आणि सही कर.’ त्या चार महिन्यांत मी असे नऊ फॉर्म भरले आणि नऊच्या नऊ फॉर्मांत दोष पालकांचा.

पंधरा दिवसांनी मी आशाताईंबरोबर त्या घरी गेले, तेसुद्धा सिस्टर रजेवर होत्या म्हणून. आई आत होती, बाहेर आली नाही. आजी बोलली. मी विचारलं, इतका उशीर का केला? ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराची गाठ सोडून घामाने मऊ पडलेला, चार घड्यांचा केसपेपर काढला आणि माझ्या हातात दिला. ‘दूध सोडलं तसं आमी उठलो जी. येक रात नाही काढली घरी.’ कागदावर शिक्का होता आदल्या दिवशीचा. ओपीडी सायंकाळची. म्हणजे दुपारी बाळाने दूध सोडलं आणि संध्याकाळी ते पुतण्याच्या मोटरसायकलवर जवळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलं. तिथे रात्रभर बाकावर बसवलं, कारण गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. सकाळी दुसऱ्या दवाखान्यात, तिथून आमच्याकडे. सोळा-सतरा तास ते बाळ आरोग्य यंत्रणेच्याच हातात होतं आणि मी आईला दोषी ठरवून मोकळी झाले होते.

परत येऊन मी आमचाच इनडोअर पेपर उघडला. बाळ आत आल्याची वेळ ११.२०. रक्तातली पहिली शुगर १२.०५ ला, आली २८, म्हणजे फार कमी. अक्षर माझं. त्या पाऊण तासात मी दुसऱ्या बाळाला नळी टाकत होते हे खरं आहे, पण शुगरची स्ट्रिप लावायला डॉक्टर लागत नाही आणि आल्या आल्या लावायची हे मी कुणाला सांगून ठेवलं नव्हतं.

म्हणून हे खोलात सांगते. फॉर्म आधी उघडायचाच नाही. कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला वेळ, उजवीकडे काय घडलं. सुरुवात ‘अ‍ॅडमिट केलं तेव्हा’ इथून नाही, तर ‘बाळ शेवटचं नीट अंगावर प्यायलं तेव्हा’ इथून. मग घरच्यांची वेळ, ओपीडी रजिस्टरची वेळ, १०८ ला फोन गेल्याची आणि गाडी निघाल्याची वेळ, रेफर चिठ्ठीवरची वेळ, तुमच्या पेपरवरची वेळ, सगळ्या एकाखाली एक. घरच्यांना घड्याळाने आठवत नाही, म्हणून ‘गाई घरी आल्या होत्या का’, ‘शेवटची एसटी गेली होती का’ असं विचारा. वेळा जुळल्या नाहीत तर पुन्हा विचारा. एवढं झाल्यावरच विलंबाचा रकाना. बहुतेक वेळा एकाहून जास्त खुणा कराव्या लागतात, आणि तिसऱ्या रकान्यात तुमचं स्वतःचं युनिट येईल. येऊ द्या.

आणि ‘का’ हा शब्द त्या घरात तोंडातून काढू नका. ‘का नाही आणलं’ म्हटलं की समोरचा माणूस आरोपी होतो. ‘मग काय केलं?’ विचारा, लोक सगळं सांगतात. पुजाऱ्याकडे नेलं होतं, मेळघाटात असाल तर पोटावर डंबा (तापलेल्या सळईचे चटके) दिला होता, हेही सांगतात, फक्त चेहरा वाकडा करू नका. त्यातही नोंद घ्यायची ती वेळेची: तिकडे जाण्यात किती तास गेले, की दवाखान्यातून परत पाठवल्यावर गेले? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चिठ्ठीवरच्या तापमानावर विश्वास ठेवू नका. त्या बाळाच्या चिठ्ठीवर ३५ लिहिलं होतं. मागचे फॉर्म काढले तर थंड पडलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचं ३५. साधा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ च्या खाली दाखवतच नाही! बाळ ३३ वर असलं तरी पारा तिथेच. सिस्टरने खोटं लिहिलं नव्हतं, तिच्या हातातलं साधन तेवढंच सांगत होतं. कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर वेगळा मिळतो, तो आपल्या युनिटमध्ये आहे का हे पहिल्याच दिवशी बघा.

मृत जन्माच्या नोंदीही तपासा. दोन मिनिटं श्वास घेऊन गेलेलं बाळ पुष्कळदा ‘मृत जन्म’ म्हणून लिहिलं जातं, कधी नकळत, कधी चौकशीच्या भीतीने. आईला विचारा, रडलं होतं का, हातपाय हलवले होते का? एवढ्याने नोंद बदलते. ही भीती आपणच घातलेली आहे. अन्वेषण शिक्षेसाठी नाही, हे सूचनांत लिहिलंय, पण बैठकीत एखाद्या एएनएमला (उपकेंद्राच्या नर्सला) सगळ्यांसमोर उभं करून झापलं की पुढच्या महिन्यापासून त्या उपकेंद्रात कागदावर बाळं मरायची थांबतात.

माहेरपण हा दुसरा मोठा खड्डा. बाई सासरच्या गावात नोंदलेली, बाळंतपण माहेरी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंच्या सहा भेटी व्हायला हव्यात, दिवस ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. आमच्या त्या बाळाची तिसऱ्या दिवसाची भेट झालीच नव्हती, कारण ते कुणाच्याच यादीत नव्हतं. कापूस वेचायला, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांचंही असंच होतं. डिस्चार्ज देताना ‘आता कुठल्या गावाला जाणार?’ विचारा आणि तिथल्या आशाताईंना स्वतः फोन करा. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत (एसआरएस) महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजारी १६ होता, त्यातले ११ पहिल्या २८ दिवसांतले. याच दिवसांत बाळ यादीबाहेर असतं. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बाळाची काळजी पोहोचवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशाताईंच्या या भेटींचं मूळ तिथे आहे. तुमचा वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) कितीही चांगला असो, तिसऱ्या दिवशी बाळाच्या अंगाला हात लावून बघणारी बाई तुमच्याआधी त्याला वाचवू शकते.

मृत्यूच्या कारणात ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहू नका. प्रत्येकाचं हृदय शेवटी थांबतंच. नुसतं ‘प्रीमॅच्युरिटी’ही नको, त्या मुदतपूर्व बाळाला नेमकं काय झालं ते लिहा.

जुना फॉर्म उघडून नाव-तारीख बदलायची सवय इथे फार जणांना आहे. मला ती चोरी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘भरलेले नमुना फॉर्म’ही डिलीट करा. गुरू शोधायचा तर मोठ्या नावामागे जाऊ नका. मला शिकवलं आमच्या एसएनसीयूच्या इन्चार्ज सिस्टरने. बाळ आत आलं की आधी पायाला हात, मग स्ट्रिप, मग नाव, हा क्रम तिचा. दहा वर्षांत तिने जेवढी बाळं बघितली तेवढी तुम्ही-मी अजून बघितलेली नाहीत.

घाबरून जाऊ नका. पहिल्या घरभेटीनंतर मी दोन रात्री झोपले नाही, तुमचंही तसं होईल, आणि त्यामुळे तुम्ही कमी दर्जाचे डॉक्टर ठरत नाही. हे काम तुमच्या हाताला जमणारं आहे. त्याला लागते दर आठवड्याची एक दुपार.

बैठकीत एका केसला चार-पाच मिनिटं मिळतात. तिथे भाषण करू नका, एकच मागणी घेऊन जा. माझी मागणी होती: रेफर करताना टोपी-मोजे घालून आईच्या छातीशी बाळ, निघण्याआधी शुगर, अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊनच गाडीत, आणि आम्हाला फोन. पहिल्या बैठकीत कुणी ऐकलं नाही, दुसऱ्यात ‘बघू’. तिसऱ्या बैठकीला मी नऊ बाळांच्या वेळा एकाच चार्टपेपरवर लिहून नेल्या आणि भिंतीला चिकटवल्या. त्या दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी पत्र काढलं. आता दवाखान्यांतून फोन येतात, सगळ्यांतून नाही. फोन आला की आमची सिस्टर वॉर्मर लावून आणि स्ट्रिप काढून ठेवते.

त्या बाळाचा फॉर्म मी परत मागवला. ‘विलंब १’ खोडून शेजारी सही केली, दुसऱ्या आणि तिसऱ्यावर खूण केली आणि खाली लिहिलं, ‘११.२० ते १२.०५, आमच्या कक्षात.’ आजीचा केसपेपर झेरॉक्स काढून जोडला. मूळ कागद आशाताईंच्या हाती तिला परत पाठवला.