गोव्यात घर घेताना सह्या मोजायला विसरू नका

माझ्या आतेभावाने फोंडा तालुक्यात एक जुने कौलारू घर ठरवले. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातली जमिनीची महसुली नोंद, सात-बारासारखी) विकणाऱ्याचेच नाव, घरपट्टीची पावतीही त्याच्याच नावे, आणि गावात सगळे त्यालाच मालक म्हणत. भावाने पाच लाख इसार दिला. खरेदीखताचा मसुदा करायला वकिलाकडे गेल्यावर कळले की घर मुळात आजोबांचे. विकणाऱ्याला दोन बहिणी, त्यातली एक बेळगावला दिलेली, आणि वाटणी कधी झालेलीच नाही. बेळगावचे मेहुणे सही द्यायला तयार होईनात. व्यवहार दीड वर्ष अडकला आणि तोवर भाऊ भाड्याच्या घराचे भाडे भरत राहिला.

या प्रकरणात विकणाऱ्याने फसवले असे मला वाटत नाही. घर आपलेच, असे तो मनापासून मानत होता. म्हणूनच ही चूक धोक्याची.

एक-चौदा म्हणजे मालकी नव्हे

१९६८ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे या उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढेच तिचे बळ. शहरातल्या जमिनीच्या नोंदीची, म्हणजे फॉर्म डी ची, गोष्टही फारशी वेगळी नाही. घरपट्टीची पावती तर फक्त कर भरल्याचा पुरावा. विकणाऱ्याकडे ते घर आले कसे, हे विचारा: खरेदीखत, इन्व्हेंटरीचा (कोर्टातल्या वारसा-वाटणीचा) निकाल, सक्सेशन डीड (वारस कोण हे नोंदवणारा दस्त). त्यामागे पोर्तुगीज काळातले जमीन नोंदणीचे उतारे असतील तर तेही वाचून घ्या, आणि ती भाषा येणाऱ्याकडूनच.

नवरा, बायको, जावई, सून

महाराष्ट्रातून येणारे लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा हक्क असतो. वारशाने आलेले घरही त्यात धरतात. त्यामुळे एकट्या नवऱ्याच्या सहीने घर विकता येत नाही. मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि ती विवाहित असेल तर जावयाची सहीसुद्धा लागते. अर्धी मालमत्ता वारसांसाठी राखीव असल्याने ‘बाबांनी सगळे माझ्या नावे केले’ असे मृत्युपत्र दाखवले तरी तिथे थांबू नका. सध्याचा वारसा कायदा २०१२ चा आहे आणि तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला.

म्हणून इसार देण्याआधी कुटुंबाची वंशावळ कागदावर मांडा. प्रत्येक नावापुढे लग्न झाले का, कुठे नोंदले, जोडीदार हयात आहे का, हे लिहा. लग्ननोंदणीचा उतारा मागायला संकोच करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच वारसा कायदा लागू होतो. मुंबईतला फ्लॅट विकायला काढलेल्या गोवेकराने हे ध्यानात ठेवावे.

घर बंद ठेवून परदेशी जाणे

ओस पडलेली घरे बनावट जुन्या कागदांवर परस्पर विकल्याची इतकी प्रकरणे पुढे आली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. तुमचे घर बंद असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी एक-चौदा ऑनलाइन उघडून नावे पाहा. म्युटेशनची (उताऱ्यावरच्या नावबदलाची) नोटीस आली तर मुदतीत हरकत घ्या. मुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल, तर ते देणारी व्यक्ती हयात आहे याची खात्री करा. माणूस गेला की त्याने दिलेले साधे मुखत्यारपत्रही संपते.

विकणारा लिस्बन किंवा लंडनला स्थायिक असेल तर आणखी एक घोळ होतो. ५० लाख किंवा जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम आणि ५० लाखांची मर्यादा दोन्ही लागू होत नाहीत. कर कमी कापला तर जबाबदारी खरेदीदारावर येते.

जागेवर जाऊन पाहा

भाटाच्या (बागायतीच्या) कोपऱ्यात एखादे घर दिसले तर तिथे मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) राहतो का, ते विचारा. १९७५ च्या कायद्याने त्याला हुसकावता येत नाही, आणि उताऱ्यावर नोंद नसली म्हणून त्याचा हक्क जात नाही. शेत असेल तर कुळाचा रकाना वाचा. भातशेती मात्र शेतकरी नसलेल्याला २०२३ च्या कायद्याने सहसा घेता येत नाही, दलाल काहीही सांगो.

भाड्याने देणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. आणि परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवा.

इसार देऊन बसला असाल तर

उरलेली रक्कम रोखा आणि रोख पैसे मुळीच देऊ नका. राहिलेल्या वारसांना करारात सामील करून घ्या, किंवा विकणाऱ्याला आधी इन्व्हेंटरी पूर्ण करायला सांगून तोवर मुदत लेखी वाढवा. तोंडी वाढवलेली मुदत पुढे कोर्टात सिद्ध करणे फार अवघड. करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, म्हणून ती तारीख आजच करार काढून पाहा.