जुन्या गाडीच्या डिकीचा खटका खोलण्याआधी

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट नक्की करून ठेवा: डिकी बंद झाली आणि खटका सुटलाच नाही, तर आत शिरायचं कुठून? काम तसं अवघड नाही. दोन-तीन बोल्ट, एक केबल, फार तर चार वायरी. पण काम अर्धवट असताना झाकण लागलं, तर ज्या बोल्टपर्यंत पोचायचं तेच आत कोंडले जातात. म्हणून आधी मागच्या कुलपात चावी फिरवा, आणि चावी नुसती फिरते यावर समाधान मानू नका. डिकी खरंच उघडते का ते बघा. वर्षानुवर्षं आतल्या लिव्हरने उघडलेल्या डिकीचं कुलूप बरेचदा धुळीने धरलेलं असतं, नाहीतर त्यामागची दांडी प्लॅस्टिकच्या क्लिपमधून निसटलेली असते. चावी चालत नसेल तर मागची सीट पाडून लॅचपर्यंत, म्हणजे झाकण पकडून ठेवणाऱ्या खटक्याच्या यंत्रणेपर्यंत, हात जातो का पाहा. तेही जमत नसेल, तर लॅचच्या ज्या पात्याला केबल ओढते त्याला मजबूत नायलॉनची दोरी बांधा आणि दुसरं टोक सीटमागून पुढे आणून ठेवा. काम पूर्ण तपासून होईपर्यंत ती दोरी सोडू नका. बॅटरीच डिकीत असेल आणि खटका फक्त विजेवर चालत असेल, तर ही दोरी हवीच. शिवाय बॉनेटखाली जंप देण्याचे, म्हणजे दुसऱ्या बॅटरीतून वीज देण्याचे, पॉइंट आहेत का, तेही आताच शोधून ठेवा.

मग डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, टूलकिट सगळं बाहेर, आणि चावी खिशात. झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे जुन्या गाडीत थकलेले असतात, तेव्हा झाकणाला लाकडी टेकू द्या. काही सेडान गाड्यांत बिजागरांपाशी पीळ भरलेल्या पोलादी सळ्या असतात. त्यांत साठलेला जोर हाडाला इजा करू शकतो. लॅचच्या कामासाठी त्यांना हात लावायची गरज नसते, लावूही नका.

सुटा भाग मागवायची घाई नको. आधी दोष कुठे आहे ते ठरवा, कारण नव्या लॅचने तुटकी केबल जोडली जात नाही. सुरुवात अगदी साध्या शंकेपासून करा: पुष्कळ गाड्यांत लिव्हरशेजारी, ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा लॅचवरच आतून डिकी उघडण्याची सोय बंद करणारी छोटी कळ असते. ती कधीतरी चुकून फिरली असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. ती ठीक असेल तर लिव्हर ओढून हाताला काय लागतं ते बघा. लिव्हर मोकळी, ढिली येत असेल तर केबल तुटली आहे किंवा टोकाचा मणी खोबणीतून सुटला आहे. जड, कुरकुरत येत असेल तर केबल आतून गंजली आहे किंवा लॅचमधलं ग्रीस वाळून चिकट झालं आहे. आणि कोणीतरी झाकण वरून दाबल्यावरच खटका सुटत असेल, तर बरेचदा केबल निर्दोष असते. कडी, म्हणजे लॅच जिला पकडतो ती, सरकलेली असते किंवा नवीन बसवलेलं रबर जास्त जाड असतं.

खटका विजेवर चालत असेल तर आधी फ्यूज बघा, मग डिकीपाशी कान लावून दुसऱ्याला बटन दाबायला सांगा. आवाजच नसेल तर वीज पोचत नाही, किंवा मोटर गेली आहे. क्षीण टक् ऐकू येत असेल तर मोटर जिवंत आहे, पण एकतर वीज कमी पोचते किंवा लॅच जाम आहे. इथे मल्टीमीटर हवाच. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. बटन दाबलेलं असताना लॅचच्या कनेक्टरवर त्यापेक्षा दोन-तीन व्होल्ट कमी दिसले, तर वायरीत किंवा अर्थिंगमध्ये (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या वायरीत) दोष शोधायला लागा. सगळ्यात आधी बिजागराजवळची ती रबरी नळी मागे सरकवा, जिच्यातून वायरी बॉडीतून झाकणात जातात. डिकी हजारो वेळा उघडून-मिटून वायरी तिथेच वाकतात. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा, तुटकी असेल ती रबरासारखी लांबते. नंबरप्लेटचा दिवाही त्याच सुमारास बंद पडला असेल, तर दोष बहुतेक इथेच. जोड देताना लवचिक, बारीक तारांची वायर घ्या आणि दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर तिथे टिकत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: दहाचा पाना आणि सॉकेट, दोन्ही प्रकारचे पेचकस, पक्कड, ट्रिम (आतली प्लॅस्टिकची आवरणं) उचकायची प्लॅस्टिकची पट्टी, डोक्याला बांधायचा टॉर्च, फोटो काढायला फोन. त्याच गाडीच्या ट्रिमच्या क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा, कारण जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. थंडीत तर हात लावताच मोडतं, म्हणून शक्य असेल तर ऊन तापल्यावर काम करा.

लॅचचे बोल्ट सैल करण्याआधी लॅच आणि कडी दोन्हींभोवती बारीक मार्करने रेघ मारा. ही रेघ असली की झाकण पूर्वीच्याच जागी बसतं. लॅच काढल्यावर तो बदलायलाच हवा असं नाही. जंग सोडवणारा स्प्रे मारून, जुन्या टूथब्रशने काळा चिखल घासून काढा, पुसून कोरडा करा, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा. नुसत्या स्प्रेवर थांबू नका, तो उडून जातो. चावीच्या कुलपात ग्रीस घालू नका, त्याला धूळ चिकटते. तिथे ग्रॅफाइटची पूड. पात्याची स्प्रिंग मोडलेली असेल किंवा आकड्याचा दात झिजलेला दिसला, तरच नवा लॅच.

केबल बदलायची असेल तर बाहेरच्या नळीची लांबी आणि टोकांना उघडी राहणारी तार, दोन्ही मोजून मगच घ्या. जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला दोरी बांधा. उंबऱ्याच्या ट्रिमखालून, मागच्या सीटखालून जाणारी वाट ती दोरीच नव्या केबलला दाखवते. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे समजून त्यांना हात लावू नका. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढून ठेवलेलं असू द्या. रेडिओला कोड लागत असेल तर तो त्याआधी शोधून ठेवा.

केबलऐवजी विजेचा खटका लावायचा विचार असेल तर मनापासून सांगते, केबल काढून टाकू नका, दोन्ही ठेवा. खटका सुटायला पातं किती मिलिमीटर सरकावं लागतं ते पट्टीने मोजा आणि किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघा. दाराच्या कुलपासाठी बनलेल्या छोट्या मोटरी घट्ट लॅचपुढे कमी पडतात. सोलेनॉइडला (विजेने दांडा ओढणाऱ्या कॉइलला) क्षणभर पुष्कळ करंट लागतो, म्हणून रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा: त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीकडून फ्यूजमार्गे वीज, ८७ वर सोलेनॉइड, ८५ आणि ८६ ला बटनाची वायर आणि अर्थिंग. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. बटन दाबल्यापुरतंच चालणारं घ्या, नाहीतर कॉइल जळते, आणि गुडघा लागणार नाही अशा जागी बसवा; गाडी चालताना ते बंद राहील अशी जोडणी आणखी चांगली. एवढं उघडलंच आहे तर आतून ओढायची, अंधारात चमकणारी मूठही लॅचला जोडा. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१ पासून डिकी असलेल्या नव्या प्रवासी गाड्यांना आतून सुटण्याची सोय सक्तीची झाली, कारण खेळता खेळता डिकीत अडकून मुलं दगावली होती. जुन्या गाडीत ती सोय बहुधा नसतेच.

सगळं जोडून झालं तरी झाकण लावू नका. उघड्या लॅचच्या आकड्यात पेचकसाचा दांडा दाबून तो बंद करा. दोन टक् ऐकू आले पाहिजेत, पहिला अर्ध्या पकडीचा, दुसरा पूर्ण. मग लिव्हरने सोडवा, बटनाने सोडवा, चावीने सोडवा, आतल्या मुठीने सोडवा. प्रत्येक मार्ग पुन्हा पुन्हा चालला की मगच झाकण हलकेच टेकवा. महिन्याभराने लॅचचे बोल्ट परत आवळून बघा, आणि कडीवरचा रंग एकाच बाजूने घासलेला दिसला, तर ती बाजू लॅचपासून जरा दूर जाईल अशी कडी सरकवून घ्या.