पीएमएस आहे की कामाचा ताण? दोन महिने लिहून काढा

पाळीच्या आठवडाभर आधी डबा भरतानाच चिडचिड सुरू होते, ऑफिसात साध्या मेलवर डोळे भरून येतात आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळतं. ‘अगदी माझंच!’ असं वाटलं, तरी लगेच पीएमएसचा, म्हणजे पाळीआधी होणाऱ्या शारीरिक-मानसिक त्रासाचा, शिक्का मारू नका. आठवणीवर विसंबलं की प्रत्येक वाईट दिवस पाळीच्या खात्यात जमा होतो. निदानासाठी लागते ती निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद. रक्ततपासणीतून पीएमएस कळत नाही, कारण हार्मोन्स बहुधा नेहमीसारखेच असतात; त्यांच्या चढउताराला मेंदू जास्त संवेदनशील असतो.

आधी नोंद. कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहितो, तितकंच हे सोपं. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस १. रोज रात्री चिडचिड किंवा रडू, थकवा, पोट फुगणं, छाती दुखणं यांना ० ते ३ गुण द्या. ० म्हणजे त्रास नाही, ३ म्हणजे कामच अडलं. बाजूला झोपेचे तास, शिफ्ट आणि ‘महिनाअखेर’, ‘ऑडिट’ असा एखादा शब्द. बरे दिवसही लिहा. खरी गोम तिथेच आहे.

मग दोन्ही महिने शेजारी ठेवून पाहा. त्रास पाळीआधीच्या एक-दोन आठवड्यांत चढतो, पाळी आल्यावर चारेक दिवसांत ओसरतो आणि त्यानंतर निदान आठवडाभर कोरा जातो? मग पीएमएसची शक्यता मोठी. २-३ गुण महिनाभर पसरलेले असतील, तर नैराश्य, थायरॉइड, रक्त कमी असणं किंवा सरळ नोकरी, यांतलं काहीतरी तपासायला हवं. (बॉस काही पाळीची तारीख बघून त्रास देत नाही.) जुनी अर्धशिशी किंवा नैराश्य पाळीआधी फक्त बळावतं, असंही होतं.

आता बाजूचे शब्द वाचा. आईला किंवा बहिणीला हा त्रास असणं, पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं असणं, हे आपल्या हातात नाही. ताण, अपुरी झोप, धूम्रपान, वाढलेलं वजन यांचाही पीएमएसशी संबंध दिसतो. धूम्रपान आणि वजनाचा तर अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासातही दिसला. रात्रपाळी टाळता येत नसेल, तर निदान पाळीआधीच्या दिवसांत तरी दुहेरी ड्यूटी घेऊ नका.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. नियमित चालण्यापासून सुरुवात करा. कॅल्शियमचाही उपयोग होतो: १९९८ मधल्या एका अमेरिकी चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत बराच कमी झाला. आपल्याकडे दही, तीळ आणि नाचणी आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

नोंदीत ३ वरचेवर दिसत असेल, घरात-ऑफिसात भांडणं विकोपाला जात असतील, तर हा पीएमडीडी, म्हणजे पीएमएसचा तीव्र प्रकार असू शकतो. त्यावर औषधं आहेत आणि काहींना ती पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धातच घ्यावी लागतात. जीव नकोसा वाटला तर दोन महिने थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बाकीच्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना कालनिर्णयाची ती दोन पानं सोबत न्यावीत, दुधाच्या खाड्यांसकट.