हेड गॅस्केट उडालं? आधी हेड तपासा
"नवीन गॅस्केट टाकू, संध्याकाळी गाडी न्या," असं मेकॅनिक म्हणाला तर जरा थांबवा. (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग; ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट.) इंजिन तापलं असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं; मग नवं गॅस्केटही टिकत नाही. हेड साफ करून त्यावर स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ धारेची धातूची पट्टी (शाळेतली नव्हे!), उभी धरा आणि लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरक्या रेषांत खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघा. बऱ्याच छोट्या इंजिनांत या फटीची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त फट दिसली तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करून घ्यायला) द्या. बोल्टच्या भोकांत साचलेलं कूलंट, ऑइल मात्र न विसरता काढा, नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर फिल्टरसकट बदला.