बोलत बोलत घराबाहेर पडलं की कॉल तुटतो? या सेटिंग्ज बघा

रेंजची तक्रार केली की कुणीतरी लगेच सांगतं, ‘४जी ओन्ली करून टाक’, म्हणजे फोनला फक्त ४जीच वापरायला लाव. करू नका. नेटवर्कचा प्रकार ऑटोवर ठेवा आणि व्हीओएलटीई (VoLTE, ४जीवरूनच बोलायची सोय) चालू करा. ४जीवर कॉल जातो तो व्हीओएलटीईनेच. ते जमलं नाही तर फोन कॉलपुरता ३जी किंवा २जीवर उतरतो. ‘ओन्ली’ केलंत की ही खाली उतरायची वाटच बंद! मग व्हीओएलटीई अडलं की समोरच्याला तुम्ही ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

तपासायचं कसं? कॉल लावा आणि वरच्या पट्टीत बघा. ४जी टिकलं तर ठीक. ‘ई’ किंवा ‘एच’ (२जी-३जीची खूण) उमटलं तर कॉल व्हीओएलटीईवर नाही. ५जीचं ४जी झालं तर घाबरू नका, ते चालतं.

खरी डोकेदुखी वायफाय कॉलिंगची, म्हणजे मोबाइल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल करायची. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली जाड भिंतींची जुनी घरं घ्या. मधल्या खोलीत रेंज नाही, म्हणून वायफाय कॉलिंग लावलेलं. आत आवाज स्वच्छ. बोलत बोलत उंबऱ्यापर्यंत आलं की आवाज तुटतो आणि कॉल कट. याने मला बरंच छळलंय, राउटर बदलूनही फरक पडला नव्हता.

वायफायवरचा चालू कॉल बाहेर पडल्यावर व्हीओएलटीईकडे सोपवला जातो, २जीकडे जात नाही. म्हणून व्हीओएलटीई बंद ठेवून नुसतं वायफाय कॉलिंग लावणं हा शुद्ध खुळेपणा. दुसरं म्हणजे, ही सोपवणी व्हायला काही क्षण वायफाय आणि ४जी दोन्ही जिवंत लागतात. राउटर आतल्या कपाटात कोंबला असेल तर वायफाय सोप्यातच, म्हणजे ओसरीतच संपतं, आणि ४जी मिळतं रस्त्यावर. मधल्या पट्ट्यात कॉल मरणारच. राउटर असा ठेवा की वायफाय दारापर्यंत पोचेल.

कॉल चालू असताना हाताने वायफाय बंद करायचं नाही. फोनला सोपवायला वेळच मिळत नाही. वायफाय कॉलिंगच्या आत पसंतीचा पर्याय असेल तर ‘मोबाइल नेटवर्क आधी’ निवडा. फोन मग क्षीण वायफायला चिकटून बसत नाही. सगळ्या फोनांत हा पर्याय नसतो.

गगनबावड्याकडे जाताना वेगळी गंमत. ४जी संपलं तर चालू कॉल २जीवर उतरू शकतो, पण पुढे ४जी आलं तरी तोच कॉल सहसा परत वर चढत नाही. तोवर नेट बंद आणि मॅप अडकलेला. फोन रीस्टार्ट करत बसू नका. कॉल संपवा, वर ४जी दिसू दे, मग पुन्हा लावा.